जोडीदारणीची मापं

फॅशन डिझाईनच्या पहिल्या वर्गात आम्ही दहा मुली होतो. नांदेडच्या त्या महिला महाविद्यालयात आमचा विभाग सगळ्यात मागं होता. एक लांबट खोली, सहा मशिनी, दोन कटिंगची टेबलं आणि मान तुटलेली एक डमी. मॅडमनी पहिल्याच दिवशी आम्हाला उभं करून दोघी-दोघींच्या जोड्या लावल्या.

"आता तीन वर्षं ही तुझी जोडीदारीण," त्या म्हणाल्या. "तू हिच्या अंगासाठी शिवायचं, हिनं तुझ्या. डमीवर काय, कुणीबी कपडा बसवतं. डमी हलत नाही, जेवत नाही, श्वास घेत नाही. माणसाच्या अंगावर कपडा बसवायला शिका."

माझ्या वाट्याला किनवटकडची मुलगी आली. तिचं गाव किनवटच्याही पुढं, जंगलात होतं. ती गोंड समाजाची होती आणि चौथीपासून निवासी शाळांच्या वसतिगृहात राहिलेली. मी तिच्याभोवती टेप गुंडाळायला गेले तेव्हा तिनं दोन्ही हात वर केले आणि डोळे मिटून घेतले. कुणाच्या अंगाला असा हिशेबानं हात मी त्याआधी कधी लावला नव्हता. छाती बत्तीस, कंबर सव्वीस, सीट चौतीस. मी जर्नलच्या पहिल्या पानावर लिहिलं, मॅडमनी खाली सही केली.

"तुझी बोटं लई थंडगार हाय," ती डोळे मिटूनच म्हणाली.

मी या खोलीत कशी पोचले ते सांगायला हवं. आमचं गाव चाकूर तालुक्यात. घरी शेती. बारावी झाल्यावर वडिलांनी मला लातूरला मेडिकलच्या क्लासला घातलं, जसं आमच्याकडे ज्याला त्याला घालतात. त्या गल्ल्यांमध्ये खानावळी, झेरॉक्सची दुकानं, मुलींच्या खोल्या, सगळं त्या एका परीक्षेवर चालतं. मी दोन वेळा बसले. दुसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा कमी मार्क पडले. त्या दोन वर्षांत खोलीतल्या मुलींचे कुर्ते मी दर रविवारी हातसुईनं आत घेऊन द्यायचे. आठवडाभरात माझ्या हातून नीट झालेलं तेवढं एकच काम असायचं.

फॅशन डिझाईनला जाते म्हणाले तेव्हा वडिलांनी विचारलं,

"म्हंजी शिंपीकाम?"

"न्हाई, डिग्री हाय. विद्यापीठाची."

"शिंपीकामाची डिग्री," ते स्वतःशीच म्हणाले आणि उठून रानात गेले. त्यानंतर त्यांनी माझ्या शिक्षणाबद्दल कुणाला काही सांगितलं नाही. पाहुण्यांनी विचारलं तर "नांदेडला शिकून राहिली" एवढंच.

मॅडम नांदेडच्या जुन्या भागातल्या. त्यांच्या घरात तीन पिढ्या शेरवान्या शिवल्या जात होत्या. त्या घरातली पहिली शिकलेली बाई, आणि शिकूनही नऊ वर्षं तासिका तत्त्वावरच. विभागात त्या एकट्याच होत्या. ड्राफ्टिंग त्याच शिकवायच्या, कापडाचं शास्त्रही त्याच, आणि मशीन बिघडली की दुरुस्तीही त्याच करायच्या. रागावल्या की "बेटा" म्हणायच्या. खूश असल्या की काहीच म्हणायच्या नाहीत.

माझ्या जोडीदारणीचं काम त्यांनी पहिल्यांदा हातात घेतलं तो दिवस मला आठवतो. तुरपाई होती. मॅडमनी कापड खिडकीशी नेलं, सुलटं केलं, उलटं केलं, चष्मा कपाळावर सारला. सुलट्या बाजूनं एकही टाका दिसत नव्हता.

"कुणी शिकवलं?"

"शाळेत. सगळ्या पोरींचे गणवेश मीच टाचायची."

"माझे अब्बा असते तर तुला दुकानात बसवलं असतं त्यांनी," मॅडम म्हणाल्या. आम्हाला कुणालाच त्यांनी असं कधी म्हटलं नव्हतं.

आम्ही दोघी एकाच वसतिगृहात होतो, खोल्या वेगळ्या. ती कमी बोलायची. माझं माप घेताना आधी टेप लावायचीच नाही. वीत टाकायची, आकडा सांगायची, मग टेप लावायची, आणि आकडा जुळला की हसायची. सुटीवरून येताना ती जंगलातली चारोळी कागदाच्या पुडीत बांधून आणायची आणि पुडी माझ्या मशिनीच्या खणात ठेवून द्यायची, न सांगता. एकदा रविवारी आम्ही नदीच्या घाटावर पेरू खात बसलो होतो. तिनं मला तिच्या जुन्या शाळेतल्या एका मुलीची गोष्ट सांगितली. त्या मुलीला खोकला झाला होता. मास्तरांनी तिची पेटी बांधून तिला घरी पाठवलं. बरी झाली की ये म्हणाले. तिच्या जागी दुसरी मुलगी आली.

"मग ती?"

"तिचं लगीन झालं. बरी झाली होती. पण शाळा गेली ना."

त्या दिवशी मला ही साधी गोष्ट वाटली. तिनं ती मला का सांगितली, हे मला पुढं कळलं.

आमच्या अभ्यासात प्रत्येक नव्या कपड्यासाठी नवं माप घ्यावं लागायचं. स्कर्ट झाला, कुर्ता झाला, मग कळीदार, मग ब्लाऊज. प्रत्येक वेळी जर्नलचं कोरं पान, तारीख, मापं, बाजूला छोटी आकृती, खाली मॅडमची सही. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर तिची छाती एकतीस भरली. कुर्ता तिला जरा सैल बसला. मी दोन्ही बाजूंनी शिलाई दाबली आणि जर्नलमध्ये लिहिलं, 'फिटिंगमध्ये सुधारणा.' मॅडमनी सही केली.

तिला खोकला लागला होता. पण त्या खोलीत सगळ्यांनाच खोकला असायचा. कापडाचा भुस्सा हवेत असायचा, उन्हाच्या तिरिपेत दिसायचा. तोंडाला ओढणी बांधा म्हणून मॅडम ओरडायच्या, आम्ही बांधायचो नाही.

तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला ती गावाहून आली तेव्हा मुलींनी तिला घेरलं.

"काय गं, कसली फिगर झाली तुझी!"

"काय खाती सांग ना आम्हाला."

ती हसली. "तेच. मेसमधलं."

खरं म्हणजे ती मेसमधलं अर्धंच खायची. अर्धी भाकरी माझ्या ताटात सरकवायची. मला भूक असायची, मी खायचे. आमच्या वर्गात वजन हा रोजचा विषय होता. कुणी सकाळी लिंबूपाणी प्यायची, कुणी भात सोडलेला. आम्ही ज्या मासिकांमधून चित्रं कापून चिकटवायचो त्यांतल्या बाया सगळ्या तशाच होत्या, गळ्याची हाडं वर आलेल्या. आमच्यातली एक तशी दिसायला लागली होती आणि आम्हाला तिचा हेवा वाटत होता. मलाही वाटत होता. शिवाय मला दुसरा आनंद होता, तो जरा वेगळा. ती माझी जोडीदारीण होती. माझा कपडा तिच्या अंगावर दिसणार होता.

शेवटच्या वर्षी प्रत्येकीला स्वतःचा एक संच करायचा होता. त्यातला मुख्य पोशाख वार्षिक फॅशन शोमध्ये चालवून दाखवायचा, आणि त्याचे मार्क विद्यापीठाच्या परीक्षेत धरायचे. मी इरकलीचा लांब झगा ठरवला. गडद निळा रंग, काठ घेराला, पाठ उघडी, कंबरेत अगदी घट्ट. आमच्याकडे इरकल म्हणजे वयस्कर बायांचं लुगडं. त्याचं असं काही होऊ शकतं हे कुणाला तरी दाखवावं, असं मला फार वाटत होतं. बहुतेक वडिलांनाच.

डिसेंबरमध्ये मी मांजरपाटाचा कच्चा नमुना तिच्या अंगावर चढवला. छाती साडेएकोणतीस. मी खडूनं टक्सच्या, फिटिंगसाठी दाबायच्या चुण्यांच्या, खुणा केल्या. पंखा चालू होता, बाहेर थंडी होती, बाकीच्या मुली स्वेटर घालून बसल्या होत्या. मी मागं सरकले आणि पाहिलं तर खडूची रेघ नाही. कापड ओलं झालं होतं. मी परत रेघ मारली, ती परत विरली. तिच्या पाठीवरून घाम निथळत होता.

"तुला ताप हाय का?"

"न्हाई."

मी तिच्या मानेला हात लावला. माझी बोटं नेहमीसारखी थंड होती, आणि तिची मान तव्यासारखी तापलेली.

"चल, दवाखान्यात जाऊ."

तिनं माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की बोटं रुतली.

"शो झाल्यावर जाऊ. परीक्षा झाल्यावर. आत्ता कुणाला सांगू नको. वसतिगृहातून काढतील मला. पेटी बांधायला लावतील. तुला माहीत हाय."

तेव्हा मी काय म्हणायला पाहिजे होतं ते आज मला शंभर प्रकारे सांगता येतं. तेव्हा मी म्हणाले, "नक्की जायचं हं मग." आणि मी खडू ठेवून रंगीत दोऱ्यानं खुणा केल्या, कारण दोरा घामानं पुसला जात नाही.

तिच्यासाठी गप्प बसले, असं मी स्वतःला सांगितलं. ते अर्धं खरं होतं. शोला तीन महिने राहिले होते. ती घरी गेली असती तर माझा झगा मी कुणाच्या अंगावर बसवला असता?

फेब्रुवारीत पुण्याहून एक बाई चालायला शिकवायला आल्या. चार दिवस. त्यांनी आम्हाला एका रांगेत चालवलं आणि कुणाचे खांदे, कुणाचे नितंब, कुणाचं पोट, सगळ्यांसमोर सांगितलं. मग तिच्यापाशी आल्या आणि थांबल्या.

"ही बघा. हा बांधा पाहिजे. हिला शेवटी ठेवा, शो स्टॉपर."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती खाली बघत होती. तिच्या ओठाच्या वर घामाचे थेंब होते. सरावात ती दोन फेऱ्या झाल्या की भिंतीला टेकायची आणि बाटलीतलं पाणी घोट घोट प्यायची. पुण्याच्या बाईंना वाटलं, ती लाजते.

शोच्या आठवड्यात मी शेवटचं माप घेतलं. छाती अठ्ठावीस, कंबर बावीस. मी झगा पुन्हा उसवला, पुन्हा दाबला. अस्तरात शिलाईची इतकी रुंद पट्टी जमा झाली होती की कापडाला फुगवटा येत होता. मी ती कात्रीनं कापून टाकली. पानावर मॅडमची सही घेतली. त्या प्रमुख पाहुण्यांच्या खुर्च्या मोजत होत्या, उभ्या उभ्याच सही केली.

शोच्या दिवशी महाविद्यालयाचं सभागृह भरलं होतं. वडील आले नव्हते. आई आणि मामी आल्या होत्या, चाकूरहून एसटीनं. शेवटी दिवे मंद केले आणि ती आली. मी पडद्याच्या फटीतून बघत होते. निळी इरकल, काठाची लाल रेघ पायाशी फिरत होती, पाठ पूर्ण उघडी. ती हळू चालली, ठरलं होतं त्याहून खूप हळू, आणि लोकांना वाटलं हे असंच बसवलेलं आहे. ती टोकाला गेली, वळली, परत आली. मला तिच्या पाठीचे मणके दिसत होते, एकेक. मी खोटं सांगणार नाही, त्या क्षणी मला वाटलं की हे फार सुंदर आहे.

पडद्याच्या आत आली आणि ती मशीनच्या पेटीवर बसली. मग कलंडली. मी धरलं तेव्हा तिचं वजनच लागेना.

मॅडम धावत आल्या. त्यांनी मागचे हुक काढले, झगा खांद्यावरून खाली घेतला, आणि त्यांचे हात थांबले. त्या तिच्या छातीच्या फासळ्यांकडे बघत होत्या. एक मुलगी ओढणी घेऊन आली, तिला झाकलं. ती धापा टाकत होती, शुद्धीवर होती, म्हणत होती, "काय न्हाई मॅडम, बसू द्या जरा."

"जर्नल आण," मॅडम मला म्हणाल्या.

"मॅडम, आत्ता?"

"आण."

मी आणलं. त्या तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि पानं उलटायला लागल्या. बत्तीस. एकतीस. साडेएकोणतीस. अठ्ठावीस. प्रत्येक पानावर माझं वळणदार अक्षर, टापटीप आकृती. त्यांनी पानं शेवटापासून मागंही उलटून पाहिली. बाहेर बक्षिसांची नावं पुकारणं सुरू झालं होतं.

"बेटा," त्या म्हणाल्या, "तुला वजाबाकी येत नव्हती का?"

मग त्यांनी सहीवर बोट ठेवलं, स्वतःच्या.

"आणि मला?"

माझ्या झग्याला पहिलं बक्षीस मिळालं. ते घ्यायला मी गेले नाही, मामीनं घेतलं.

आम्ही तिला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. मॅडम पुढं बसल्या होत्या, अंगावर शोसाठी नेसलेली जरीची साडी. एक्स-रे काढला. डॉक्टर तरुण होते, दमलेले. त्यांनी फिल्म उजेडात धरली आणि विचारलं, "किती महिन्यांचा खोकला?" तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "सव्वा वर्ष." ते कागदावर लिहीत राहिले. दोन्ही फुफ्फुसं गेली होती. क्षय. वजन केलं तेव्हा काटा एकतीस किलोच्या जरा खाली थांबला.

तिचे वडील दुसऱ्या दिवशी दुपारी आले. उंच, सडसडीत माणूस, हातात कापडी पिशवी. त्यांनी आम्हाला काहीच विचारलं नाही. पोरीच्या पायाशी बसले आणि तिचे तळवे चोळत राहिले.

आमच्या वर्गाची, वसतिगृहाची सगळ्यांची तपासणी झाली. माझ्यात काही निघालं नाही. वसतिगृहाच्या बाईंनी तिची पेटी बांधून खाली दारापाशी आणून ठेवली, तिची गादी उन्हात टाकली. तिला वाटायचं अगदी तसंच झालं.

मी तिला दवाखान्यात दोनदा भेटले. पहिल्यांदा ती झोपलेली होती. दुसऱ्यांदा जागी होती, तोंडाला मास्क, डोळे मोठे झालेले.

"पहिला आला ना आपला?"

"हाव."

"फिटिंगला किती दिले?"

"पन्नासपैकी शेहेचाळीस. सगळ्यात जास्त."

ती मास्कच्या आत हसली, मग खोकत राहिली. खोकला थांबला तसं म्हणाली, "मंग झालं तर."

माफी मागायची म्हणून मी वसतिगृहापासून तिथपर्यंत वाक्य जुळवत चालत गेले होते. ते वाक्य मी बोलले नाही. परीक्षेचा फॉर्म मॅडमनी भरलाय, आत्ता जमलं नाही तर पुढच्या वर्षी देता येईल, असलं काहीबाही बोलत बसले. निघताना तिनं विचारलं, "तुझा कुर्ता अर्धा राहिला माझ्याकडं. बाह्या लावायच्या राहिल्या. कुणी लावील?" मी लावते म्हणाले.

पंधरा दिवसांनी तिला घरी सोडलं, गोळ्या देऊन. मी परीक्षा दिली आणि चाकूरला घरी आले. मधे दोनदा तिच्या वडिलांच्या फोनवर लावला, एकदा लागला. ती म्हणाली, गोळ्या लई कडक हाय, लघवी लाल होते, पण भूक लागून राहिली. मला बरं वाटलं.

जूनच्या शेवटी आमच्याकडे सोयाबीनची पेरणी चालली होती. मी बियाण्याच्या पिशव्या बांधावर उतरवत होते आणि फोन वाजला. तिचे वडील.

"बाई, पोरगी न्हाई राहिली."

"कधी?"

"झाले आता वीस दिवस. तुमचा नंबर पोरीच्या वहीत होता, ती वही आज घावली."

मी पिशवीवर बसले. वडील पेरणी थांबवून आले, माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी सांगितलं. माझ्या शिक्षणाबद्दल तीन वर्षांत एक शब्द न विचारलेला तो माणूस हात धुऊन आला, गाडी काढली आणि मला चाकूरच्या स्टँडवर सोडलं. एसटी लागेपर्यंत उभे होते. "त्या मास्तरणीला घेऊन जा संगं," एवढंच म्हणाले. "एकली जाऊ नको."

नांदेडहून मी आणि मॅडम सकाळच्या गाडीनं निघालो. भोकर गेलं, पुढं सागाचं जंगल सुरू झालं, पानं नवी होती. मॅडम खिडकीशी बसून तसबीहचे मणी ओढत होत्या. किनवटला उतरून जीप केली, शेवटचं अंतर चिखलातून पायी.

घर छोटं, अंगण सारवलेलं. तिच्या आईला मराठी कमी येत होतं. वडील मधे मधे सांगायचे. आईनं आम्हाला काळा चहा दिला आणि आतून एक स्कर्ट आणला. शाळेचा, निळा. घरी आल्यावर अंथरुणात बसून तिनं धाकट्या बहिणीसाठी हातानं शिवला होता. मॅडमनी तो उलटा केला, तुरपाई पाहिली, आणि बराच वेळ मान वर केली नाही.

मग आई माझ्याकडे वळून बोलली. सावकाश, मराठीतच, जणू हे वाक्य तिनं आधीपासून तयार करून ठेवलं होतं.

"तू तिच्या जवळ होती. तुला दिसलं न्हाई का?"

वडील मधेच म्हणाले, "जाऊ दे ना, पोर हाय ती बी." पण आई माझ्याकडेच बघत होती.

"दिसलं," मी म्हणाले. "दिसलं होतं मला."

तिनं मान हलवली. रडली नाही, ओरडली नाही. माझ्या हातातला रिकामा कप घेतला आणि आत गेली. त्यानंतर आम्ही तिथं होतो तोवर ती बाहेर आली नाही. मी आजही म्हणते, तिनं मला मारलं असतं तर मला जरा सोपं गेलं असतं.

धाकटी बहीण दाराला टेकून उभी होती. चौदा वर्षांची, तिच्यासारखीच लांब मान. मॅडमनी तिला जवळ बोलावलं, स्कर्ट कंबरेला लावून पाहावा तसं केलं. मग त्यांचा हात वर गेला. हनुवटी धरून त्यांनी तिचा चेहरा उजेडाकडे वळवला, कानाच्या खाली बोटं फिरवली. एकदा, दोनदा.

"ही गाठ कधीपासून आहे?"

वडिलांना माहीत नव्हती. मॅडम उठल्या. "आजच. आत्ता. आमच्यासोबत."

"उद्या आणतो मी."

"नाही भाऊ. आत्ता. मी हिच्याशिवाय इथून हलणार नाही."

त्या खरंच हलल्या नाहीत. बहीण आमच्याबरोबर जीपमधून किनवटच्या दवाखान्यात आली. गळ्याच्या गाठीचा क्षय निघाला. सहा महिने गोळ्या चालल्या. मॅडम दर आठवड्याला फोन करून गोळीचा रंग विचारायच्या, म्हणजे खरंच खाल्ली की नाही ते कळावं. ती बरी झाली. ती शाळेत मात्र परत गेली नाही. वडिलांनी पाठवली नाही. पुन्हा कुठल्या वसतिगृहात पोरगी ठेवायची त्यांची हिंमत झाली नाही, आणि त्यांना समजवायला मी कोण होते?

दोन वर्षांनी आमचा विभाग बंद पडला. मुली तीनच आल्या. मॅडम आता घरीच शिवतात.

मी लातूरला एका मुलींच्या महाविद्यालयात हाच विषय शिकवते, तासिका तत्त्वावर. फॅशन शो मी घेत नाही. प्राचार्य दरवर्षी विचारतात, मी दरवर्षी काहीतरी कारण सांगते. माप कमी भरलं की कपडा दाबण्याआधी मला येऊन सांगायचं, असा माझा नियम आहे. मुली त्याला हसतात.

मागच्या वर्षी एकीची कंबर तीन महिन्यांत अडीच इंच उतरली. मी तिला तपासून घ्यायला लावलं, एक्स-रे, रक्त, सगळं. काहीच निघालं नाही. लग्न ठरलं होतं, पोरगी बारीक होण्यासाठी रात्रीचं जेवत नव्हती. तिची आई विभागात आली आणि वर्गासमोर बोलली, "तुम्ही शिवण शिकवा. आमच्या पोरीला टीबी हाय का म्हणून सगळ्या दवाखान्यात फिरवलं तुम्ही, सोयऱ्यांना कळलं असतं तर? डॉक्टर हाय का तुम्ही?"

"नाही," मी म्हणाले.

बाई बराच वेळ बोलत होत्या. मुली माना खाली घालून ऐकत होत्या. त्या गेल्यावर दार लावून घेतलं. तासाची वीस मिनिटं उरली होती आणि मुंढ्याचा, बाही जोडायच्या जागेचा, आकार समजावून सांगायचा राहिला होता, तो मी फळ्यावर काढायला घेतला.